पायलटबाई

पाटी रंगवणाऱ्याचं म्हणणं असं होतं, की बाईंनी कागदावर लिहून दिलं तेच चुकीचं होतं, त्याने फक्त ते सुधारलं. कागदावर होतं 'पिलाटिस'. असा काही शब्द नसतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शिवाय नाशिकपासून ओझर असं कितीसं लांब? तिथे विमानं तयार होतात, वस्तीतली माणसं तिथे कामाला जातात. तेव्हा बाईंच्या मनात काय आहे ते त्याने बरोबर ओळखलं आणि निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत ठसठशीत लिहून आणलं, 'पायलट व्यायाम वर्ग'. कोपऱ्यात न सांगता एक लहानसं विमानही काढलं. बाईंनी पाटी दोन्ही हातांत धरून, मान जराही तिरकी न करता नीट न्याहाळली आणि म्हणाल्या, "विमान सरळ काढलंय. पाठ बघा त्याची. राहू दे."

पाटी राहिली, आणि त्या दिवसापासून त्या पायलटबाई झाल्या. त्यांचं खरं नाव आमच्या भागात पोस्टमन सोडला तर कुणी घेत नसे. मीही घेणार नाही.

हे सगळं ऐंशी सालाच्या जरा आधीचं. मी तेव्हा नाशिकला एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. शाळेच्या मागच्या वस्तीत, बुद्धविहाराला लागून असलेल्या लांबट खोलीत बाईंचा वर्ग भरायचा. बाई चांदवडकडच्या. वडील शाळामास्तर, घरची थोडी कांद्याची शेती. नर्सिंग शिकून त्या विलायतेला गेल्या, तिथे लंडनच्या इस्पितळात बरीच वर्षं काढली आणि जाडजूड गोरे पेशंट उचलून उचलून स्वतःच पाठ धरून बसल्या. एका म्हाताऱ्या नर्तकीने त्यांना कुठल्याशा तळघरात चालणाऱ्या व्यायामशाळेत नेलं. तिथे हा पिलाटिस नावाचा व्यायामप्रकार त्या शिकल्या, पाठ दुरुस्त झाली, आणि मग ही विद्या चांदवड-नाशिकच्या बायकांना शिकवल्याशिवाय मरायचं नाही असं ठरवून त्या परत आल्या. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "वेळ कुठे होता? आडवं पडायला मिळालं की व्यायाम करायचे."

बाई सुती साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या. बुधवारच्या बाजारात दोन पिशव्या घेऊन जायच्या आणि दोन्हींचं वजन सारखं असल्याशिवाय परत फिरायच्या नाहीत. एका पिशवीत किलोभर बटाटे पडले की दुसरीत किलोभर कांदे, मग घरी कांद्यांची रास का पडलेली असेना. वजन एका बाजूला आलं की कणा रुसतो, असं त्यांचं म्हणणं. भाजीवालीशी त्यांचं भांडण भावावरून कधी झालं नाही, खांद्यांवरून व्हायचं. "खांदे कानाला लावून का बसलीस? कान काय पडणार आहेत?" बिचारी भाजीवाली खांदे खाली घ्यायची आणि घाबरून एक जुडी जास्तीची द्यायची. बाई ती दुसऱ्या पिशवीत टाकायच्या आणि मग वजन बिघडलं म्हणून आणखी काहीतरी विकत घ्यायच्या.

मी त्यांच्याकडे गेले ती मात्र हौसेने नाही. माझ्या मुलीच्या जन्मानंतर माझी पाठ गेली होती. बेबी तीन महिन्यांची असताना मी तिला पाळण्यातून घ्यायला वाकले आणि वाकलेलीच राहिले. सासूबाई दारातून बघून गेल्या. त्यांना वाटलं, मी लेकीचे लाड करतेय. बऱ्याच वेळाने त्या पुन्हा आल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हे लाड जरा जास्तच चाललेत.

डॉक्टरांनी पट्टा दिला आणि सांगितलं, दुधाच्या बाटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. माझी मुलगी जन्मली तेव्हाच दुधाच्या बाटलीपेक्षा जड होती. तेव्हापासून तिला मी उचललं नाही. मी बसायचे, कुणीतरी तिला माझ्या मांडीवर ठेवायचं. ती रडली की सासूबाई उठायच्या, पडली की सासूबाई धावायच्या. चालायला लागल्यावर ती दमली की सरळ आजीकडे जायची, माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. सासूबाई फार मायेच्या होत्या, त्यांचा काही दोष नव्हता. पण मला त्यांचा हेवा वाटायचा. चांगला कडकडीत हेवा वाटायचा, आणि तो मी कुणाला सांगू शकत नव्हते. बेबी दोन वर्षांची झाली. मला वाटायला लागलं, की आता ती मोठी होणार, आणि मी तिला एकदाही कडेवर घेतलेलं नसणार.

वर्गाला पहिल्या दिवशी मी, सासूबाई आणि बेबी अशी वरात निघाली. बाईंनी पाणी पुढे केलं. सासूबाई म्हणाल्या, "तहान नाही." वस्तीत पाणी प्यायचं त्यांच्या अंगवळणी नव्हतं, हे बाईंना कळलं असणारच. त्यांनी आम्हा दोघींनाही सतरंजीवर उताणं झोपवलं. तासाभराने सासूबाई घामाघूम होऊन उठल्या आणि आपणहून तांब्या मागून दोन पेले घटाघटा प्यायल्या. बाईंनी तिसरा भरून दिला. पुढे त्या दोघींचं इतकं जमलं, की मीच उपरी वाटायला लागले.

त्याला बाईंची एक सवय कारणीभूत होती. विलायतेतल्या इस्पितळात लागलेली सवय, प्रत्येकीला 'माय डिअर' म्हणायची. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी ऐकलं, 'माय, धीर'. घरी येऊन त्या मला म्हणाल्या, "किती गोड बाई आहे गं! सारखी म्हणते, माय, धीर. माय, धीर. डॉक्टर नुसता पट्टा देतो." मी त्यांना खरं काय ते सांगितलं नाही. पुढे सगळ्या वर्गाने सासूबाईंचंच खरं धरलं, आणि जरा अवघड व्यायाम आला की बायका एकमेकींना हळूच म्हणायच्या, "माय, धीर."

कपड्यांचा प्रश्न होता. साडी नेसून पाय वर करायचे कसे? बाईंनी फर्मान काढलं, की प्रत्येकीने नवऱ्याचा लेंगा घालून यायचं. निम्म्या बायका त्या दिवशी घरी परत गेल्या, पण दुसऱ्या दिवशी साडीच्या आत लेंगे घालून हजर झाल्या. आमचे हे चार दिवस कपाटात लेंगा शोधत होते. सासूबाईंनी मामंजींचे ठेवणीतले दोन लेंगे ट्रंकेतून काढले आणि म्हणाल्या, "ते असते तर घालू दिले नसते. नाहीत म्हणून घालते."

व्यायाम म्हणजे आम्हाला वाटलं होतं सूर्यनमस्कार, नाहीतर शाळेतली कवायत. बाईंनी पहिला आठवडा नुसतं झोपायला शिकवलं. उताणं पडायचं, गुडघे वर, पावलं जमिनीवर. पोटावर पाण्याने भरलेली वाटी. कमरेखाली किती जागा राहायला हवी? बाई सांगायच्या, "मुंगी गेली पाहिजे. उंदीर जाता कामा नये." पाठ फार वर उचलली की ओरडायच्या, "उंदीर गेला! उंदीर!" आणि पाठ दाबून धरली की, "मुंगी मेली." मग श्वास. पोट फुगवायचं नाही, बरगड्या बाजूला उघडायच्या, पेटीचा भाता उघडतो तशा. सोडताना पोट आत, पाठीकडे. मी म्हटलं, "बाई, श्वास तर मी जन्मापासून घेतेय." बाई म्हणाल्या, "घेताय, पण सोडत नाही. सगळा साठवून ठेवलाय."

त्यांची सगळी विद्या एका शब्दात होती, माजघर. बेंबीच्या आतला, कमरेला चहूबाजूंनी धरून ठेवणारा जो भाग, त्याला विलायतेत काहीतरी दणकट नाव होतं. बाईंनी ते टाकून दिलं. "हात म्हणजे ओटी," त्या सांगायच्या, "पाय म्हणजे परसदार. येणारा-जाणारा तेवढंच बघतो. पण घर चालतं कुठून? माजघरातून. तिथून निरोप गेल्याशिवाय हाताने हलायचं नाही, पायाने हलायचं नाही." हे सासूबाईंना तत्काळ पटलं. आयुष्यभर त्यांनी ओटीवरच्या पुरुषांना माजघरातूनच हलवलं होतं. मला मात्र माझं माजघर सापडायला फार दिवस लागले. मी हात उचलायचे तर आधी मान ताठ व्हायची, मग दात आवळले जायचे. बाई पोटाला बोट लावून विचारायच्या, "इथे कुणी आहे का घरात?" बायका हसायच्या, मीही हसायचे, आणि हसताना पोट आत गेलं की बाई टाळी वाजवायच्या, "हे! आत्ता कडी वाजली!"

उठून बसायचं तेही धसमुसळेपणाने नाही. हनुवटी, मग मान, मग एकेक मणका सतरंजीवरून सोडवायचा, आणि परत जाताना एकेक मणका खाली ठेवायचा, टोपलीत अंडी ठेवतात तसा. माझी दोन-तीन अंडी तरी रोज फुटायची.

आकडे मोजायला मात्र त्यांची सक्त मनाई होती. आकडे मोजले की माणूस शेवटच्या आकड्याकडे बघत बसतो, अंगाकडे बघत नाही, असं त्या म्हणायच्या. एका व्यायामात डोकं आणि पाय वर धरून, हात बाजूला सरळ ठेवून पाण्यावर चापट्या मारल्यासारखे हलवायचे असतात, आणि तेही बराच वेळ. बाई त्यात गावं मोजायच्या. नाशिकहून निघायचं आणि आग्रा रोडने चांदवडपर्यंत, म्हणजे त्यांच्या माहेरी जायचं. "आडगाव, श्वास घ्या. सोडा. ओझर, घ्या. सोडा. पिंपळगाव. द्राक्षं बघू नका, पोट आत!" वडाळीभोईला पाय थरथरायला लागायचे. शेवटी कुणीतरी कळवळून म्हणायची, "बाई, मी पिंपळगावलाच उतरू का?" बाई शांतपणे सांगायच्या, "गाडी थांबत नाही." आणि एखाद्या दिवशी आल्या आल्या त्यांनी "आज पेठ रस्ता" असं म्हटलं की बायका आधीच लेंग्याच्या नाड्या घट्ट करायच्या. त्या रस्त्याला घाट आहे.

पाटी बघून येणारे लोक हे वेगळंच प्रकरण होतं. एकदा पिंपळगावचे एक बागाईतदार फेटा बांधून आले. वर्ग चालू होता. दारात उभे राहून म्हणाले, "पायलटचं हितंच शिकवत्यात ना? पुतण्याला घालायचाय. लय हुशार हाय. उंचीबी हाय."

बाई म्हणाल्या, "पुतण्याचं नंतर बघू. तुम्ही असे एका पायावर का उभे?"

"काय सांगू बाई, ट्रॅक्टरवर बसून बसून कंबार गेली."

"झोपा."

"आं?"

"सतरंजीवर. उताणे."

फेटा काढून ठेवून ते गृहस्थ खरंच झोपले. बाईंनी त्यांचे गुडघे वर घेतले, बरगड्यांवर हात ठेवायला लावले आणि श्वास सोडायला सांगितलं. त्यांनी एक श्वास सोडला, दुसरा सोडला आणि घोरायला लागले. वर्गात पुरुषांना बंदी होती. एकीने तसं सुचवलं. बाई म्हणाल्या, "झोपलेला माणूस पुरुषांत धरायचा नाही." आम्ही त्यांच्या बाजूबाजूने चांदवडपर्यंत जाऊन आलो. संध्याकाळी ते जागे झाले, कंबर हलवून बघितली आणि म्हणाले, "लय बरं वाटलं बाई. पण विमान कवा दावणार?"

त्यानंतर द्राक्षाच्या हंगामात दरवर्षी एक पेटी बाईंकडे यायची. पुतण्या पुढे तलाठी झाला असं ऐकलं.

मला या सगळ्याची मजा वाटायची, पण मी काही मजेसाठी आले नव्हते. एक दिवस वर्ग सुटल्यावर मी थांबले आणि म्हटलं, "बाई, मला हे नको. मला फक्त माझ्या मुलीला उचलायला शिकवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बेबी तेव्हा सतरंजीवर पडून पाय हवेत धरून कुणालाही न जमणारा व्यायाम आरामात करत होती.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आता विसरा म्हणाले. मुलगी काय, मोठी होईलच."

बाई एकदम रागावल्या. त्यांना रागावलेलं मी तेवढंच बघितलं. "विसरा काय? अंगाने ठरवायचं असतं ते. इतक्यात कागदावर लिहून मोकळे?" मग म्हणाल्या, "रिकामे हात आधी भरल्यासारखे उचला. मग भरलेले हात रिकाम्यासारखे उचला. घाई केलीत तर पुन्हा पाळण्यावर वाकून राहाल. मी सांगेन तेव्हाच तिला हात लावायचा. कबूल?"

मी कबूल म्हटलं. घरी येऊन खूप रडले. सासूबाईंनी विचारलं काय झालं, तर सांगितलं, कांदा चिरत होते. समोर कांदा नव्हता.

मग ते सुरू झालं. गुडघ्यात वाकून, नितंब मागे सोडून, पाठ लांब ठेवून नुसती हवा उचलायची. मग उशी. मग रिकामी कळशी, मग अर्धी, मग काठोकाठ. बाजरीचा डबा. प्रत्येक वेळी वस्तू पोटाशी आणायची, श्वास सोडायचा आणि मगच उठायचं. बाई बाजूला उभं राहून माझ्याकडे नाही, माझ्या कमरेकडे बघायच्या. कधी शाबास म्हणायच्या नाहीत. कळशी जमली तर "हं" म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत उशी द्यायच्या. "का?" असं विचारलं तर, "काल कळशी उचलताना तुम्ही मला दाखवत होतात. आज स्वतःला दाखवा." हे मला तेव्हा कळलं नाही. शाळेत फळ्याच्या वरच्या ओळी मी स्टुलावर चढून लिहू लागले, जिना चढताना कठडा धरायचं विसरले, पट्टा कधी काढून ठेवला तेही आठवत नाही. पण बेबीचं नाव काढलं की बाई मान हलवायच्या. असं वर्ष निघून गेलं. बेबी तीन वर्षांची होऊन गेली, अंगाने चांगली गुबगुबीत. माझा धीर सुटत चालला होता.

बाईंचा वर्ग पुढे बरीच वर्षं चालला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्या चांदवडला बहिणीकडे कायमच्या राहायला गेल्या आणि तिथे ओसरीवर वर्ग घ्यायला लागल्या. बहीण सांगायची, की अखेरच्या आजारपणातही त्या डॉक्टरांना खुर्चीत नीट बसायला शिकवत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्या येतात त्या अशा, दोन सारख्या पिशव्या घेऊन सीबीएसच्या एसटी स्थानकावर गर्दीत उभ्या असलेल्या.

कारण एकदा त्या मला आणि बेबीला बहिणीच्या घरी घेऊन निघाल्या होत्या. सासूबाईंना यायचं होतं, पण त्यांच्या भाच्याचं लग्न निघालं. तेव्हा बेबीला गाडीत चढवायचं-उतरवायचं बाईंनी, असं ठरलं. त्यांनी सासूबाईंना तसा शब्दच दिला.

चांदवडवरून जाणाऱ्या मालेगाव गाडीची वेळ होऊन गेली तरी गाडीचा पत्ता नव्हता, आणि लग्नसराईची गर्दी वाढत चालली होती. पलीकडच्या फलाटावर एक म्हातारे गृहस्थ कमरेत वाकून लोखंडी ट्रंक ओढत होते. बाईंना ते बघवेना. "एक मिनिट," म्हणाल्या आणि दोन्ही पिशव्यांसकट तिकडे निघून गेल्या. लांबून मला दिसत होतं, त्या म्हाताऱ्यांना गुडघ्यात वाकायला लावत होत्या आणि ते त्यांच्याशी हुज्जत घालत होते.

आणि गाडी लागली. एसटी लागल्यावर काय होतं ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. पुढचं चाक थांबायच्या आधी माणसं खिडक्यांना चिकटली. रुमाल, टोप्या, पिशव्या, एक छत्री, सगळं आत पडायला लागलं. ज्याचा रुमाल त्याची जागा. मी इकडे तिकडे बघितलं. माझ्याकडे रुमाल नव्हता. पिशव्या बाईंकडे होत्या. माझ्याकडे फक्त बेबी होती.

पुढचं नीट सांगता येत नाही, कारण मी विचार केलाच नाही. एक खिडकी मोकळी दिसली एवढं आठवतं. मग बेबीचे पाय खिडकीतून आत गेले, मग तिचं डोकं, आणि ती आतल्या सीटवर उभी राहून दोन्ही हात पसरून केकाटायला लागली, "इथे माझी आई बसणार! ही माझ्या आईची जागा!"

माझे हात अजून वरच होते. ते रिकामे आहेत हे मला हळूहळू कळलं. मी पाठीत चमक येण्याची वाट बघत उभी राहिले. लोक मला ढकलत होते, कुणाची तरी कोपरं लागत होती. चमक आली नाही. मग गर्दीनेच मला दारापर्यंत नेलं, आत लोटलं, आणि मी त्या सीटवर जाऊन बसले. बेबी माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आई, पुन्हा!" मला रडू फुटलं. शेजारी बसलेल्या एका प्रवासी बाईने पदर पुढे केला. तिला वाटलं, माझं कुणीतरी गेलंय.

इतक्यात कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. त्याने बाहेरून सगळं बघितलं होतं आणि तो चांगलाच तापला होता. "ही पोरगी खिडकीतनं कोणी टाकली? काच पडली असती डोक्यात, तर माझी नोकरी गेली असती! कुठाय तो बाप्या?"

मी डोळे पुसले आणि उभी राहिले. "मी टाकली."

"तुम्ही?" त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. तेव्हा मी अगदीच किडकिडीत होते.

"मी. एकटीने. मी आई आहे तिची."

सगळी गाडी आमच्याकडे बघत होती. "आणि वर हसताय?" कंडक्टर म्हणाला. मी हसत होते हे मला माहीत नव्हतं. "येवढी जड पोर खिडकीतनं टाकली, आणि हसताय!"

दारात गडबड झाली. पांढरे कॅनव्हासचे बूट, दोन पिशव्या आणि त्यांच्यामागे ट्रंकवाले म्हातारे असे तिघंही आत घुसले. बाईंनी माझ्याकडे बघितलं, बेबीकडे बघितलं, खिडकीची उंची बघितली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज वर्गातलाच होता.

"टाकली काय म्हणता हो?" त्या कंडक्टरला म्हणाल्या. "पिशवी टाकतात, रुमाल टाकतात. मुलगी तिने उचलली. उचलली म्हणा."

"अहो बाई, पण..."

"आधी उचलली म्हणा, मग तिकिटं काढा."

कंडक्टरने आमच्या तिघींकडे आळीपाळीने बघितलं. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणा की राव, उशीर होतोय!"

"बरं, उचलली," कंडक्टर म्हणाला आणि त्याने डबल बेल दिली.